हवा कुठे संपते?

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत वर्गावर होते. वहिनीनं शेजारच्या भैयाला सायकलवरून पाठवलं होतं. त्या दिवशी रडले. आता दीड महिना होत आला, रडू ओसरलंय आणि राग तेवढा उरलाय... तो गिळून गोड गोड लिहिणं मला जमणार नाही.

माझा हा थोरला भाऊ जयपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. पहिले उपग्रह नुकते वर गेले होते, तेव्हा एका अमेरिकन मासिकात त्याला ‘एरोस्पेस’ हा नवाकोरा शब्द भेटला. जेवताना ताट विसरून सांगत सुटला, “एरो म्हणजे हवा, स्पेस म्हणजे अवकाश. दोन्ही जोडून एकच केलंय बघ, कारण मध्ये कुंपण नाहीच! हवा नुसती विरळ होत जाते...” वहिनी म्हणाली, “आमटी गार होतेय.”

संक्रांतीला चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या जयपुरातल्या, सगळ्या गच्च्या पतंगवाल्यांनी भरतात. त्याच दिवसांत दादानं बी.एस्सी.चा वर्ग कॉलेजच्या गच्चीवर नेला, पतंग चढवला आणि चरखीवरचा सगळा मांजा सोडला. पतंग ठिपक्याएवढा झाला. “मांजा खत्म हुआ,” तो मुलांना म्हणाला, “हवा खत्म हुई क्या?” तेवढ्यात विभागप्रमुख वर आले. मुलांसमोरच म्हणाले, “हवा अलग, अंतरिक्ष अलग. मास्टरजी, पतंगबाजी घर पर कीजिए.” पुढच्या सत्रात दादाचे वरचे वर्ग काढून घेतले. शिकवण्यावर जीव असलेला माणूस शेवटपर्यंत पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घेत राहिला.

मग माणूस अंतराळात जाऊन आला, तो शब्द वर्तमानपत्रांत रुळला आणि त्याच प्रमुखांनी कॉलेजच्या समारंभात ‘एरोस्पेस’चा अर्थ सांगून टाळ्या घेतल्या. दादाचं मांज्याचं वाक्य जसंच्या तसं उचललं होतं. दादा मागच्या रांगेत बसून ऐकत होता. घरी आल्यावर मी भडकले, “बोलला का नाहीस?” तर म्हणतो, “मुलांना कळलं ना? मग झालं.”

मला नाही झालं. अजून नाही. शोकसभेत हे गृहस्थ म्हणाले, “बड़े सीधे आदमी थे. पतंग के शौकीन थे.” बस्स, एवढंच! मी तिथून उठून आले.

दादाची चरखी जिन्यात खिळ्याला टांगलेली आहे. वहिनी म्हणते, गल्लीतल्या पोरांना देऊन टाक. नाही देणार. येत्या संक्रांतीला मी माझ्या वर्गातल्या मुलींना शाळेच्या गच्चीवर नेणार आहे, सगळा मांजा सोडणार आहे आणि तोच प्रश्न विचारणार आहे. आधी सांगणार आहे तो कोणाचा ते... दादाचं पूर्ण नाव घेऊन.