साखरपुड्याचा नकाशा

चहा घ्या, पण घोट नीट गिळा आणि मगच पुढचं ऐका. हसताना कुणाला ठसका लागला तर तेही माझ्याच नावावर जाईल. आणि या प्रकरणात माझ्या नावावर आधीच पुष्कळ जमा आहे!

मी डिझाईन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. माहिती चित्रातून कशी मांडायची, हे आम्हाला शिकवत होते. चार्ट, नकाशे, इन्फोग्राफिक, सगळं. आमचे सर सारखं एकच सांगायचे, "जे काढलं तरी चालतं, ते काढून टाका. लोकांना पसारा नको, माहिती हवी." मला हे इतकं पटलं, इतकं पटलं, की मी घरी येऊन फ्रीजवरची सगळी मॅग्नेट काढून टाकली. आईने ती मलाच परत लावायला लावली, तो भाग वेगळा.

त्यात माझ्या आत्येबहिणीचा, प्राचीताईचा, साखरपुडा ठरला. आम्ही घाटकोपरचे, आत्या मुलुंडची, मुलाकडचे बोरिवलीचे. हॉल आत्याच्या घराजवळच घेतला होता. पण त्या हॉलचा एक लोच्या होता. फोनवर लोकेशन टाकून निघालं की माणूस बरोब्बर हॉलच्या मागच्या भिंतीपाशी पोचायचा. आतून सनई ऐकू येते, मसालेभाताचा वास येतो, पण दरवाजा काही सापडत नाही!

आत्याचा मला फोन. "सायली, तू चित्रांचा शिकतंस मां गो? मगे माका एक नकाशो काढून दी. विहीणबाईंक पाठवूचो हा."

झालं! मला पहिला क्लायंट मिळाला. मी लॅपटॉप घेऊन बसले. शेजारून बाबा डोकावायला लागले.

"दत्तमंदिर दाखव. कोपऱ्यावरचं मेडिकल दाखव."

"बाबा, पसारा होतो."

"अगं, मग माणूस वळणार कुठे?"

"तिथे ठिपका दिलाय ना!"

"ठिपका रस्त्यावर दिसणार आहे का?"

मी कानात इयरफोन घातले आणि एकेक काढून टाकत सुटले. मंदिर काढलं, मेडिकल काढलं, बँक काढली, गल्ल्या काढल्या. रस्त्यांची नावंसुद्धा काढली! चित्र बोललं पाहिजे, अक्षरं कशाला? शेवटी उरलं काय? एक रस्ता स्टेशनकडून येणारा, एक हायवेकडून येणारा. दोन्ही वरून झोकदार वळण घेत खाली येतात आणि एकमेकांना मिळतात. रस्ते काळे, नाजूक. शुभकार्य म्हणून वळणांचे ठिपके सोनेरी. आणि तळाशी, जिथे हॉल, तिथे शेजारी शेजारी दोन सोनेरी गोल. दोन घराणी एकत्र येतात ना, म्हणून! स्वतःवरच खूश होऊन मी तो आत्याला पाठवला. आत्याने तो तसाच, एक अक्षरही न लिहिता, फॅमिली ग्रुपवर टाकला, विहीणबाईंना पाठवला.

काय सांगू, कौतुकाचा नुसता पाऊस! "झकास!" "किती नाजूक काम!" आणि विहीणबाईंचा तर खास मेसेज, "खूपच सुंदर. आमच्याकडून पसंत."

पसंत! मी तो शब्द बाबांना दोनदा वाचून दाखवला.

साखरपुड्याच्या दिवशी आम्ही सगळे वेळेत हॉलवर. भटजी हजर, प्राचीताई पैठणी नेसून तयार, फक्त मुलाकडचे गायब. मुहूर्त जवळ येत चाललेला आणि दुपारनंतर हॉल दुसऱ्या कार्याला द्यायचा होता. आत्या दारात आणि स्टेजपाशी अशा फेऱ्या घालत होती. शेवटी तिने फोन स्पीकरवर टाकला.

"विहीणबाई, कुठपर्यंत आलात?"

"अहो, आम्ही कधीच आलो! नाश्ता चाललाय आमचा. शिरा छान झालाय हो!"

आत्या आमच्या शिऱ्याच्या पातेल्याकडे बघायला लागली. त्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

"कुठे बसलायत तुम्ही?"

"हॉलमध्येच की! तुम्ही कुठे आहात? आणि प्राची दिसत नाही ती?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बाबांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सायली, तुझ्या नकाशान ह्यांका खंय न्हेल्यान गो?"

मी साडी गुडघ्यापर्यंत धरून जी पळाले! मागच्याच गल्लीत आणखी एक हॉल होता. त्याला मी नकाशात जागाच दिली नव्हती. कशाला देऊ? पसारा!

आत जाऊन बघते तर बारसं! पाळणा सजलेला, बायका पाळणा म्हणतायत आणि त्यांच्यात आमच्या विहीणबाईंचा आवाज सगळ्यात वरचा. आणि आमचा होणारा जावई, सूटबूट घालून, लोकांचं बाळ मांडीवर घेऊन फोटोला बसलेला! बाळाच्या आईकडच्यांना वाटलं हे बाबाकडचे, बाबाकडच्यांना वाटलं हे आईकडचे. सगळ्यांनी प्रेमाने आग्रह करकरून वाढलं होतं.

मी हात जोडले. "काकू, सॉरी! माझंच चुकलं. तो नकाशा मीच काढला होता."

"कसला नकाशा गं?"

"तो... काळ्या रेघा, सोनेरी ठिपके..."

"अय्या, ते नकाशा होतं?" विहीणबाई उभ्याच राहिल्या. "आम्हाला वाटलं, प्राचीने मंगळसूत्राचं डिझाईन पाठवलंय! खाली दोन वाट्या नव्हत्या का त्या?"

घ्या!

"मग तुम्ही इथे आलात कसे?"

"रिक्षावाल्याला म्हटलं, हॉलवर सोड. त्याने सोडलं."

म्हणजे बघा, अख्खा रस्ताभर मी स्वतःला शिव्या घालत पळत आले की माझ्या नकाशामुळे लोक चुकले. माझा नकाशा वाट चुकवण्याच्याही लायकीचा नव्हता हो! त्याच्याकडे कुणी नकाशा म्हणून पाहिलंच नव्हतं.

"आम्ही सोनाराला ऑर्डरसुद्धा देऊन टाकली," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "आता काय करायचं?"

मी म्हटलं, "असू दे काकू, घडणावळ चांगली करायला सांगा."

बारशाच्या लोकांनी निघताना आम्हाला घुगऱ्या बांधून दिल्या. मुहूर्त साधला, अंगठ्या घातल्या, शिरा परत एकदा खाल्ला गेला. प्राचीताईला सगळं कळल्यावर ती स्टेजवरच इतकी हसली की डोळ्यातलं काजळ गालावर आलं. "म्हणजे मी आयुष्यभर गळ्यात मुलुंडचा रस्ता घालून फिरायचं?"

आत्याचा रागही जेवणापर्यंत विरघळला. मुलाकडच्यांना पोट धरून हसताना बघितल्यावर ती राग धरणार तरी किती?

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला आणखी हौस! कॉलेजला नकाशाची असाइनमेंट होती, मी तोच प्रिंट काढून नेला. म्हटलं, आमच्या सरांना तरी कळेल. त्यांना यातलं समजतं.

सरांनी कागद हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. चष्मा काढून पाहिला. मग फार मायेने म्हणाले, "काम सुरेख आहे गं. पण दागिन्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असतो. तू चुकून इथे येऊन बसलीस का?"

अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय. मी ताठ मानेने उठले, कागदाची गुंडाळी केली, दारापर्यंत गेले आणि वळून विचारलं,

"सर, जिना डावीकडे की उजवीकडे?"