पडद्यावरचा आपला माणूस

खेळ सुटल्यावर थिएटर झाडायला घेतलं की शेंगांची टरफलं निघायची. रोज झाडा, रोज तेवढीच! आमच्या थिएटरातल्या गोष्टींचंही तसंच आहे. एक सांगून होते न होते तो बाकाखालून दुसरी निघते. आज बसलाच आहात तर ऐका. चहा मात्र दुसऱ्यांदा मिळायचा नाही, आधीच सांगते!

लढाईची वर्षं होती. आमचे हे नगरच्या एका थिएटरात ऑपरेटर, आणि मी बायकांच्या दारावर तिकिटं फाडायला. बायकांना तेव्हा दार वेगळं, बाकं वेगळी, मध्ये कनात. मी सिनेमात कामाला लागले म्हणून केडगावच्या भावकीनं आमच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. बाई कामातून गेली म्हणे! आणि मी बापडी तिथं दिवसभर लोकांची रडकी पोरं सांभाळत होते.

* * *

इंग्रजी चित्रपट लागला की आमच्याकडे जोशी मास्तर लागायचे. मूळचे नेवाशाचे, भिक्षुकाच्या घरातले. सकाळी मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि खेळाच्या वेळी पडद्याशेजारी स्टुलावर उभे राहून सगळी गोष्ट मराठीत सांगायचे. गोरा काय म्हणाला, गोरी का रुसली, सगळं!

त्या प्रेमाच्या, हसवाहसवीच्या चित्रांत एक हिंदुस्थानी हटकून असायचा. गोऱ्याच माणसाचं तोंड काळं रंगवलेलं, डोक्यावर भोपळ्याएवढा फेटा. नोकर असला तर टोपलीत साप, राजा असला तर सात बायका. तिसरा प्रकार मी कधी पाहिला नाही.

पहिल्यांदा तो आला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, ह्यो कोन?"

मास्तरांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा आपला माणूस आहे, असं त्यांचं म्हणणं आहे!"

थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. पुढे प्रत्येक चित्राला पब्लिक त्या वाक्यासाठी थांबायचं.

* * *

एकदा सुप्याचे एक पाटील बैल बाजाराला आणून दुपारच्या खेळाला बसले होते. पडद्यावर गोरीच्या खोलीत नाग निघाला. ती किंचाळली, हिरो पलंगावर चढला, आणि फेटेवाला नोकर मांडी घालून पुंगी वाजवायला बसला.

पाटील उभेच राहिले. "आरं पुंगी काय वाजवतो? काठी घे की! आमच्या वावरात एवढं साप निगत्यात, आमी काय पुंग्या घिऊन नांगरतो व्हय?"

मास्तर स्टुलावरूनच म्हणाले, "पाटील, त्यांना वाटतं आपल्याला साप दिसला की गाणं सुचतं."

"मंग त्यास्नी म्हनावं, पेरनीला या एकदा!" पाटील खाली बसले, पण खेळ संपेपर्यंत त्यांची धुसफूस चालूच होती.

* * *

छावणीतले गोरे सोल्जर यायचे. त्यातला एक कोवळा, मिसरूडसुद्धा धड न फुटलेला, खेळ सुटल्यावर मास्तरांपाशी घुटमळत होता. मास्तरांनी नंतर आम्हाला सांगितलं. तो विचारत होता, "इथे हत्ती कुठे दिसतील? आणि राग मानू नका, पण तुम्हाला बायका किती?"

मास्तर म्हणाले, "सात राहू द्या हो, एक मिळता मिळत नाही!"

मग मास्तरांनी त्याला आपल्याकडचं एक चित्र फुकट दाखवलं. त्यातला साहेब सारखा पाइप ओढतो, दारू ढोसतो आणि 'डॅम डॅम' करत नोकरावर छडी उगारतो. पोरगं आधी हसलं. मग म्हणालं, "मी पीत नाही. आई मारेल." मला ते ऐकून कसंसंच झालं. कुणाचं लेकरू ते, कुठून कुठे आलेलं! महिन्याभरात त्याची पलटण हलली. त्यानं हत्ती पाहिला की नाही, देव जाणे.

* * *

आता आमचीच गोष्ट सांगते, कारण दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं. मुंबईहून हिंदी प्रेमाची चित्रं यायची. त्यात हिरोच्या मागे एक मद्राशी असायचा. कपाळभर गंध, तोंडात विचित्र हिंदी, आणि दर दोन वाक्यांना धोतर सुटायचं. मी दारात उभी राहून पोट धरून हसत होते. बाजूला बघते तर आमचे मॅनेजर! ते मद्रासकडचेच. वीस वर्षं नगरला काढलेली, बायको बाजरीची भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापायची.

ते पडद्याकडे बघत म्हणाले, "बाई, माझं धोतर सुटलेलं कधी पाहिलंत का हो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "नाही साहेब," एवढंच म्हणाले. त्यानंतर तसलं काही आलं की हसू यायचं, खोटं कशाला बोलू! पण आधी मी बाजूला बघायची.

* * *

आता मास्तरांचं लग्न. तिशी उलटली होती आणि तीन स्थळं मोडली होती. कारण एकच, मुलगा सिनेमात! मास्तरांना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं, पण ऐकतो कोण?

चौथं स्थळ सुशीलेचं. ती मुलींच्या शाळेत शिकवायची आणि इंग्रजी चित्राला पहिल्या बाकावर बसायची. मास्तरांच्या आईनं मागणी घातली. सुशीलेचे वडील तात्या पेन्शनर हेडमास्तर, त्यांनी तोंडावर सांगितलं, "सिनेमावाले ठाऊक आहेत मला. केसांचा कोंबडा, गळ्यात रेशमी रुमाल आणि दर गावात एक भानगड!" मास्तरांना पाहिलंही नव्हतं त्यांनी. पुण्याचं दुसरं स्थळ ठरवलं, शुक्रवारी सुपारी फोडायची.

सुशीला दोन दिवस जेवली नाही. मग बापाला म्हणाली, "एकदा त्यांना कामावर बघा. मग म्हणाल तिथे मान खाली घालून उभी राहीन."

रविवारी दुपारच्या खेळाला तात्या आले. काळी टोपी, हातात छत्री, पुढच्या खुर्चीत ताठ बसले. सुशीला माझ्या दारानं आत आली. मी धावत जाऊन मास्तरांना सांगितलं, "तात्या आलेत! आज जपून बोला." आमच्या ह्यांनाही सांगून आले.

आणि नशीब बघा, त्या दिवशी पडद्यावर राजा! दहा बोटांत दहा अंगठ्या. गोरीला मागणी घालायला आलेला, आणि तिचा बाप लाल तोंड करून त्याच्यावर ओरडतोय.

कोणीतरी म्हणालं, "मास्तर, ह्यो कोन?" मास्तर नेहमीचं वाक्य बोललेच नाहीत. स्टूल धरून म्हणाले, "मुलीचा बाप विचारतो आहे, तुझ्या बायका किती, भानगडी किती? आणि हा सांगतो, एकही नाही. तुम्ही लोकांनी काढलेलं माझं चित्र बघून विचारता आहात. एकदा मला बघून विचारा."

तेवढ्यात रीळ संपलं. आमच्याकडे मशीन एकच, दुसरं रीळ चढेपर्यंत दिवे लागायचे. दिवे लागले आणि तात्या उभे राहिले.

"मास्तर! तो खरंच असं म्हणाला?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "नाही. तो म्हणाला, माझ्याकडे चाळीस हत्ती आहेत."

"आणि तुमच्याकडे?"

"सायकल आहे. तीसुद्धा मॅनेजरसाहेबांची."

एक माणूस हसला नाही. माझ्या शेजारी सुशीलेनं माझं मनगट असं आवळलं, की बांगडी पिचली.

तात्यांनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. विरळ केस, दंडावर ठिगळ लावलेला कोट, नाकावर घसरलेला चष्मा. मग विचारलं, "मग मुलीच्या बापानं उत्तर काय दिलं?"

मास्तर म्हणाले, "ते रीळ अजून लागलेलं नाही."

वरच्या खिडकीतून आमच्या ह्यांनी मुंडकं बाहेर काढलं. "रीळ चढवून तयार हाय! लावू का, तात्या?"

तात्यांनी लेकीच्या बाजूला, कनातीकडे पाहिलं. छत्री काखेत मारली, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "लावा, लावा! आणि मास्तर, उद्या सकाळी आईला घेऊन घरी या. हत्ती नसले तरी चालतील!"