आजारी पडायची सवड

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनचा जिना चढत होते. तिची मुलगी गौरी एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली..." त्याला आता दीड महिना झाला. तिच्याविषयी लिहायचं तर आधी हे कबूल करायला हवं, की मी जन्मभर तिचा हेवा केला.

दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती पहिली, मी दुसरी, दर वर्षी. माझे वडील सरकारी अधिकारी, तिचे हॉटेलात आचारी, तरी माझी आई मलाच म्हणायची, "शैलाकडे बघून शीक जरा." बारावीनंतर तिचे वडील वारले आणि शिक्षण सुटलं. मला वाईट वाटलं, आणि... थोडं हलकंही वाटलं. पुढे मी सरकारी नोकरीत लागले, ती नोएडातल्या कपड्यांच्या कारखान्यात ठेक्यावर शिवणकाम करू लागली. नवराही लवकर गेला. तरी ती माझ्या घरी आली की माझा नवरा, मुलं, सगळे तिच्याभोवती. मी चहा करत स्वयंपाकघरातून त्यांचं हसणं ऐकायची.

तीन वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली. आठवड्यात तपासण्या, पंधरवड्यात ऑपरेशन. मोफत उपचारांचं ऑफिसचं कार्ड होतं, भरपगारी रजा होती. केमोच्या दिवसांत शैला दर रविवारी डबा घेऊन यायची. एकदा माझे पाय चेपता चेपता म्हणाली, "मलाही इथे काहीतरी हाताला लागतंय गं. दुखत नाही पण."

त्या क्षणी मला काय वाटलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वाटलं, माझ्या आजारातही हिला वाटा हवा! "दाखवून घे कुठेतरी," म्हटलं आणि कूस बदलली. पुन्हा विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही.

ती दाखवायला गेली ती सात-आठ महिन्यांनी. खाडा झाला की पगार कापला जायचा, दोन-तीन खाडे झाले की ठेकेदार दुसरी बाई आणायचा. आणि सरकारी इस्पितळात एक दिवस केसपेपर काढायला, एक डॉक्टरला, एक तपासणीला... तोवर गाठ काखेपर्यंत पोचली होती. माझीही गाठ, तिचीही गाठ. मी बरी झाले.

शेवटची भेटले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "खरं सांगू? मला तुझा फार हेवा वाटायचा, यार."

"माझा? कशाचा?"

"तुला आजारी पडता येतं."

असं म्हणून हसलीसुद्धा. मी तिला त्या रविवारचं सांगणार होते... जीभ रेटली नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या खोलीवर गेले. शिवणयंत्राशेजारी खिळ्याला इस्पितळाच्या चिठ्ठ्या लटकत होत्या. गौरीने सगळ्यांत वरची काढून माझ्यापुढे धरली. कुठल्याशा मोठ्या मशीनवरच्या तपासणीची तारीख होती, यायला अजून वीस दिवस.

"मावशी, ही कॅन्सल करायला लागते ना? मतलब, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल."

अठरा वर्षांची पोर. माझ्या मुलांना हे सुचलं असतं का, असं मनात आलं, आणि गेलेल्या मैत्रिणीचा मला पुन्हा एकदा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी इस्पितळात गेलो. खिडकीपासून पार फाटकापर्यंत बायका उभ्या होत्या, काही खाली बसलेल्या. गौरी म्हणाली, "आई इथेच उभी राहायची."

त्या रांगेत मी पहिल्यांदाच उभी राहिले.