ब्रेकची हवा
गॅरेजात ब्रेक ऑइलचा उग्र वास आला, की मला द्वारका चौकाजवळचं आमचं जुनं अंगण आठवतं. ऐंशी सालच्या सुमारास माझे वडील, अण्णा, टॅक्सी चालवायचे. दादानं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून वर्षभर त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता. एका सकाळी अ‍ॅम्बेसेडरचं ब्रेक पेडल एकदम मऊ लागायला लागलं. ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात, म्हणून आईनं दादालाच बोलावून घेतलं. तो स्टिअरिंगमागे बसला, अण्णा चाकाशी आडवे झाले आणि मी रबरी नळीखाली काचेची बाटली धरली. "दाब," अण्णा म्हणाले. "दाबलं," दादा म्हणाला. अण्णांनी पान्यानं स्क्रू सैल केला, तेलाबरोबर बुडबुडे बाटलीत उतरले, स्क्रू पुन्हा आवळला. "सोड." "सोडलं." आई दारात पदर तोंडाशी धरून ऐकत होती. शेवटच्या चाकाशी बुडबुडे थांबले, नुसतं स्वच्छ तेल यायला लागलं. मी म्हणाले, "अण्णा, झालं की!" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दाब," ते पुन्हा म्हणाले. पेडल कडक झाल्याचं दादाच्या पायाला कळत होतंच, तरी तो म्हणाला, "दाबलं." डब्यातलं तेल संपत आलं, तेव्हा कुठे अण्णा उठले. दादा चहा न घेताच गेला, आणि त्याच वर्षी दिवाळीआधी अण्णा वारले. आता माझ्या गाडीच्या ब्रेकची हवा मेकॅनिक मशीन लावून एकटाच काढतो. कुणाला बोलवावं लागत नाही.