मातीत पाठ, गादीवर दोन गुण

आमच्या घरात दोन पैलवान झाले. एक माझे मालक, ते मातीतले. दुसरा माझा मुलगा, तो गादीवरचा. दोघांचे लंगोट मी धुतले, दोघांचे फुटलेले कान मी शेकले, दोघांसाठी पहाटे उठून म्हशीची धार काढली. त्यामुळे लोक मला विचारतात, जुना पैलवान भारी की नवा? मी सांगते, खायला दोघं सारखेच होते.

आमचं गाव कुरुंद्याहून पायी तासाभराच्या वाटेवर. नव्वदच्या पुढच्या काळात मालकांचं वय पन्नाशीला आलं होतं आणि गुडघे सत्तरीला. तालमीपुढच्या ओट्यावर त्यांच्या वयाचे तीन-चार जुने पैलवान रोज सकाळी बसायचे. विषय एकच.

"आताची पोरं कागदाची हायेत," एक जण म्हणायचा. "सा मिनिटं झाली की धापा टाकून राहिले."

"आमी दीड-दीड तास खेळायचो," मालक म्हणायचे.

ती दीड तासाची कुस्ती मी पाहिलेली आहे. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायकांनी फडाजवळ जायचं नाही, म्हणून आम्ही शेजारच्या घराच्या माळवदावर बसलो होतो. दीड तासातला एक तास दोघं डोक्याला डोकं लावून, एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे होते. काही बायका खाली उतरल्या, भाकरी थापून परत वर आल्या, तरी ते उभेच. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. ओट्यावर मात्र ती दर वर्षी थोडी लांबत गेली आणि समोरचा पैलवान थोडा थोडा उंच होत गेला.

मी एकदा म्हटलं, "अवो, तुमी बी जिंकला न्हाई, तो बी न्हाई. मग रोज काहून सांगता?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तो तर मेला बी. जे मेले त्यांच्याच गोष्टी करता. मेलेल्या पैलवानाला कोन पाडणार?"

त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तेवढाच आराम.

मुलगा तालमीत गेला तो बापाच्या हौसेनं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आसपास वसमतला एका तालमीत गादी आली आणि हा एसटीनं तिकडे जाऊ लागला. परत आला की मला ओसरीवर सतरंजी टाकायला लावून नवे डाव दाखवायचा. गादीवर समोरच्याची पाठ टेकवली तर कुस्ती संपतेच, पण नाही टेकवली तरी डावाडावाला गुण मिळतात आणि वेळ संपली की ज्याचे गुण जास्त तो जिंकतो, हे मला तिथंच समजलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला ते सोपं वाटलं. मालकांना कधीच पटलं नाही.

"गुण शाळेत देतेत," ते म्हणायचे. "कुस्तीत पाठ लागती, न्हाईतर न्हाई लागत."

मुलगा एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या वस्तादांनी निरोप धाडला. पोराला लांबच्या एका मोठ्या तालमीत ठेवतो, दोन वर्षं तिथंच राहील, खुराक घरून पाठवा. मुलाला दुसरं काही सुचेना. जेवतानाही तेच. बापाच्या हो-नाहीवर सगळं अडलं होतं.

मालकांनी तीन दिवस विचार केला आणि म्हणाले, "आपल्या जत्रेत शेवटची कुस्ती मार. मातीत. मारलीस तर जा खुशाल. पडलास तर औत धर आन् गादीचं नाव काढू नकोस."

"आबा, माती सुटून तीन वर्षं झाली मला."

"माती कोनाला सुटत नस्ती."

जत्रेआधी तालमीतली माती खणून तिच्यात तेल, ताक, लिंबू आणि हळद कालवतात. खरचटलं तर चिघळू नये म्हणून हळद. ती वर्षानुवर्षं आमच्या घरून जायची. त्या वर्षीही मीच दळून दिली.

शेवटची, म्हणजे सगळ्यात मोठ्या इनामाची कुस्ती परभणीकडच्या एका पैलवानाबरोबर ठरली. शेवटच्या कुस्तीला पंच आमचे मालक, ही रीत दहा-बारा वर्षांची. या खेपेला ते म्हणाले, माझाच पोरगा आहे, दुसरा कोणी बघा. पण परभणीवाल्यांचा वस्ताद म्हणाला, "पाटील, तुमच्यावर आमचा भरवसा हाय. तुमीच उभे राहा." मग त्यांना नाही म्हणता येईना. मला तेव्हाच वाटलं होतं की हे चांगलं नाही. बोलले नाही.

हलगी वाजत होती. मी त्याच माळवदावर बसले होते. आमचा मुलगा चपळ. पहिल्या दहा मिनिटांतच त्यानं पट काढून त्या पैलवानाला खाली घेतलं आणि पाठीवर बसला. लोकांनी फेटे उडवले. माझ्या शेजारची म्हणाली, "काकू, झालं बघा, पेढे काढा."

मग त्यानं गादीवरचा डाव केला. खाली पालथ्या पडलेल्याच्या कमरेला मागून घट्ट मिठी घालायची, आपण पुलासारखं वाकायचं आणि त्याला आपल्या अंगावरून पलीकडे फिरवायचं. ओसरीवर सतरंजीवर त्यानं उशीला घेऊन हा डाव मला दहादा दाखवला होता. त्यात फिरवणाऱ्याची स्वतःची पाठ क्षणभर खाली लागते. गादीवर त्याचं काही नाही, उलट फिरवणाऱ्यालाच दोन गुण. मातीत ज्याची पाठ आधी लागली तो पडला. तीन वर्षं गादीवर खेळलेल्या अंगाला ते आठवलं नाही. त्यानं त्या पैलवानाला झोकात फिरवलं.

शिट्टी वाजली. मुलगा उठला आणि हात वर करून हसत उभा राहिला. त्याला वाटलं आपण मारली. परभणीवालाही मान खाली घालून माती झटकत होता, त्यालाही तसंच वाटलं असणार. दुसरे पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. पाहिलं ते फक्त आमच्या मालकांनी. ते पुढे झाले आणि त्यांनी परभणीवाल्याचा हात वर केला.

"पाठ लागली," एवढंच म्हणाले.

लोकांनी बराच गोंधळ घातला. कोणी म्हणालं पुन्हा लावा, कोणी म्हणालं बरोबरीत सोडवा. मालक हलले नाहीत. मला पुढे कितीजणींनी विचारलं, खरंच लागली होती का? मला वरून काही दिसलं नाही. दिसलं असं मी कधी म्हटलंही नाही.

दिवस मावळायच्या आत दोघं घरी आले, वेगवेगळ्या वाटेनं. मी मुलाला न्हाणीत बसवून पाठ चोळली. पाणी पिवळं होऊन वाहत होतं.

"माय, तिथं ह्याच डावाचे दोन भेटतेत."

"मला काय सांगतूस, बापाला सांग."

त्यानं सांगितलं. मालक जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "ही माती होती. चार गावांसमोर तुझी लागलेली पाठ न्हाई म्हनू का मी?"

"तसं न्हाई म्हनत मी."

"मग काय म्हनतूस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलानं बैल जुंपले. वस्तादांचे दोन निरोप आले, मग यायचे थांबले. मी मधे पडले असते तर कदाचित काही झालं असतं. खोटं काहून लिहू, मला बरं वाटलं होतं. पंचवीस वर्षं मी खुराक रांधत होते. उन्हाळ्यात म्हैस विकली आणि पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपले.

सात-आठ वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं, तो हळदीच्या शेतीत चांगला रमला. रमला म्हणजे तक्रार करायचा नाही. मालक ओट्यावर बसतच होते, फक्त आता चारातले दोघं उरले होते.

एका वर्षी वसमतला गादीवरच्या कुस्त्या होत्या. जुना पैलवान म्हणून मालकांना नारळ फोडायला बोलावलं. त्यांनी गादीवरची कुस्ती तोवर कधी डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती. नुसत्या ऐकण्यावर इतकी वर्षं नावं ठेवली. संध्याकाळच्या एसटीनं आले, टोपी-टॉवेल माझ्या हातात दिला आणि खाटेवर बसले. मी हळद निवडत होते.

"त्यानं केला तसाच केला," ते म्हणाले.

"कोनी?"

"होता एक पोरगा. कमरेला धरून फिरवला. पाठ लागली त्याची, मी पाहिली. मी उठून उभाच राहिलो." मग त्यांनी दोन बोटं वर केली. "पंचानं असं केलं."

"मग? तुमाला सांगितलं नव्हतं का त्यानं?"

"सांगितलं होतं."

"मग आता मला काय दाखवून राहिले? त्याला सांगा."

सकाळी मी भाकरी घेऊन निघाले तर काठी टेकत माझ्यामागे आले. गुडघ्यांमुळे ते तेव्हा शेतात फारसे येत नसत. मुलगा वाळलेली हळद पोत्यात भरत होता. मालक त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मीच म्हटलं, "बोला की, उन्हात काहून उभं राहायचं?"

"काल गादी पाहिली म्या," मालक म्हणाले. "तुजे त्या दिवशी दोन झाले असते."

मुलानं पोत्याचं तोंड आवळलं, सुतळी दाताखाली धरून तोडली.

"सा झाले असते, आबा," तो म्हणाला. "मिठी सुटली नव्हती माझी. आणखी दोनदा फिरवला असता त्याला. तुमी शिट्टी मारली."

रागानं म्हणाला नाही. तो हिशेब त्यानं कितीतरी आधी करून ठेवलेला असावा. मालकांनी काठी बाजूला ठेवली आणि पोत्याचं एक टोक धरलं. मुलगा म्हणाला, "राहू द्या, तुमचा गुडघा." त्यांनी सोडलं नाही. दोघांनी मिळून ते पोतं बैलगाडीपर्यंत नेलं, मधे एकदा खाली ठेवून. मालकांना दुसरं उचलणं झालं नाही.

मी भाकरी सोडली आणि दोघांना बसा म्हटलं. दोघांचे कान सारखेच फुटलेले आहेत, डावे. समोरासमोर बसले की ते दिसतं. त्या रात्रीपासून मालकांचा गुडघा सुजला तो आठ दिवस. तेल गरम करायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं.