न विचारता उठली

फुलचूरला माझं शिवणाचं दुकान आहे. चार मशीन, एक कूलर आणि दिवसभर गप्पा. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, फॉल-पिको, येईल ते आम्ही चौघी शिवतो. मला बडबडीशिवाय काम सुचत नाही. उन्हाळ्यात कूलर घरघरतो, आम्ही त्याच्याही वर आवाज काढतो. सुखात चाललंय एकूण.

चौघींतली एक नागझिऱ्याकडच्या गावची, माझी जुनी मैत्रीण. लग्नाआधी आम्ही दोघी दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात परदेशी दुकानांसाठी शर्ट शिवायचो. तिथे बाथरूमला जायचं तर हात वर करायचा आणि सुपरवायझर मान हलवेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. हॉस्टेलच्या फाटकाला बाहेरून कुलूप. घरी फोन करायचा तोही वॉर्डनसमोर. एकदा माझी मैत्रीण न विचारता उठली, तर त्या मेल्या सुपरवायझरने तिला वेणीला धरून खुर्चीवर आदळलं. त्याला मी आजही शिव्या घालते आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

इथे येऊन वर्षं झाली तरी ती माझ्या दुकानात हात वर करायची. "कायले विचारून राहिली? आपलंच तं दुकान आहे," मी ओरडायची. ती हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर. उठावं लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायची. मुतखडा झाला, डॉक्टर रागावले, तरी तेच. तिच्या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता.

गेल्या उन्हाळ्यात एक ठेकेदार एक्स्पोर्टच्या पिशव्यांचं काम घेऊन आला. वर्षभर पुरेल एवढं काम, मी तर हुरळूनच गेले. आमचं बोलणं चाललं असतानाच हिचा हात वर गेला.

ठेकेदार खूश झाला. "वा! इसको बोलते हैं डिसिप्लिन. बाकी सबको भी ऐसाही सिखाओ, मॅडम, तभी माल टाइम पे निकलेगा."

ते ऐकून तिने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात खाली घेतला, मशीन बंद केली, मांडीवरचे धागे झटकले.

"मी बाहेर जाऊन राहिली," ती म्हणाली आणि गेली.

"किसको पूछके गयी?" ठेकेदाराने मला विचारलं.

"कोणालेच नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे कोणीच कोणाले विचारत नाही."

त्याने नमुन्याची पिशवी उचलली आणि तो निघाला. काम गेलंच. मी दारात येऊन पाहिलं. ती रस्त्यापलीकडे भाजीवालीशी बोलत उभी होती, पदराने तोंड पुसत, परत यायची काही घाईच नसल्यासारखी. मला आनंदाने रडू आलं. मी तिला हाक मारली नाही.