बस निघेपर्यंतच्या गोळ्या

मी शिकलेली बाई. खुटबावात दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. पाकिटावरची तारीख वाचल्याशिवाय साधी तापाची गोळीसुद्धा घेत नाही. तरीही पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मी बावीस दिवस गिळल्या, कुणालाही न विचारता. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

निवडणुका जवळ आल्या की आमच्याकडच्या बायकांना देवदर्शन घडतं. एखादा इच्छुक उमेदवार बस काढतो, नाश्ता देतो, हात सैल असला तर साडीही. त्या वेळी तुळजापूर ठरलं. सासूबाई, माझी दहावीतली मुलगी आणि मी, अशा तिघींची नावं दिली. माझी तारीख नेमकी सहलीच्या दिवशी येत होती. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, यवतच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दुकानदारानं ना वय विचारलं, ना चिठ्ठी. पट्टी कागदात गुंडाळून दिली.

"तीन दिस आधीपासनं घ्यायच्या, रोजच्या तीन," आत्या म्हणाल्या. "समद्या बाया ह्येच करत्यात."

तिसऱ्या दिवशी निरोप आला, बस पुढच्या आठवड्यात. उमेदवाराचं तिकीट पक्षानं अडवून धरलं होतं. मग आणखी एक आठवडा. मग आणखी पाच दिवस. गोळ्या थांबवल्या तर दोन-तीन दिवसांत पाळी येणार, आणि नेमकी तेव्हाच बस निघाली तर? म्हणून आत्या दर वेळी नवी पट्टी आणायच्या आणि मी मुकाट्यानं घ्यायचे. त्या माणसाच्या तिकिटापायी माझं अंग वेठीला धरलं होतं, आणि मला साधा रागही आला नाही.

अखेर बस निघाली. भिगवणच्या पुढे माझी डावी पोटरी ठणकायला लागली. टेंभुर्णीला चहासाठी उतरताना डाव्या पायात चप्पल शिरेना. उजवा पाय होता तसाच होता. "बसून बसून येती सूज," आत्या म्हणाल्या. मी मोबाइलवर शोधलं. अशा गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, तिथून ती फुप्फुसात जाऊ शकते, असं लिहिलं होतं. आणि मग मी काय केलं, तर दुपारची गोळी घेतली. मरणाची भीती होतीच, पण भरल्या बसमध्ये, देवीच्या दारात पाळी येण्याची भीती त्याहून मोठी निघाली. दर्शनाच्या रांगेत मी छातीवर हात ठेवून उभी होते. श्वास नीट आत जातोय ना, एवढंच बघत होते. देवीकडे काय मागितलं ते आठवत नाही.

रात्री उशिरा घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय टेकवेना. नवऱ्यानं आत्यांना आणि मला दौंडच्या दवाखान्यात आणलं आणि तो केसपेपर काढायला गेला. डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली. "कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

"न्हाई, कसल्याच न्हाई," आत्या पटकन म्हणाल्या. परक्या पुरुषापुढं पाळीचं काढायचं कसं!

मीही गप्प बसले. अजून त्याचीच धास्ती वाटते, की मी तशीच गप्प राहिले असते तर. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायला लागले तेव्हा मुलगी डोळ्यांपुढे आली आणि मी बोलून टाकलं. कसल्या गोळ्या, किती दिवस, सगळं.

सोनोग्राफीत गुठळी निघाली. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले आणि रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं सुरू केली. आत्या पलंगाशी उभ्या होत्या. तोंड पांढरंफटक पडलेलं. मला वाटलं, माझ्या काळजीनं. डॉक्टर दारापर्यंत गेले, तशा त्या मागून धावल्या.

"आवो डॉक्टर, हिच्या पोरीलाबी म्याच दिल्या. तेवढ्याच दिस. आईला सांगू नगं म्हणले व्हते."

डॉक्टरांनी लगेच मुलीला घेऊन यायला सांगितलं. नवरा गाडी काढायला पळाला. मी घरी मुलीला फोन लावला.

"पाय बघ तुझे. दोन्ही शेजारी शेजारी ठेव आन् बघ, सारखे आहेत का."

तिनं फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सारखेच हायेत गं आई. का?"

मी तिला परत बघायला लावलं.